अंगणांतील शाळा

मूल बोलूं लागण्याच्या आधींच शिकूं लागतें, ही गोष्ट घरोघरच्या आयाआज्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. शिक्षणशास्त्राच्या पंडितांना मात्र ती बरीच उशिरां उमगली. महाराष्ट्रांतील जुन्या पंतोजीच्या शाळेंत मुलगा पांचव्या-सहाव्या वर्षीं जाई. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा होई, आणि मग धूळपाटीवर बोट फिरवून अक्षर घोटणें व मोठ्यानें उजळणी म्हणणें सुरू होई. त्या पूर्वींचीं चार-पांच वर्षें कोणत्याहि हिशेबांत धरलीं जात नसत. मूल मुलीचें असल्यास त्यानंतरचीं वर्षेंहि हिशेबाबाहेरच राहत.

या हिशेबाबाहेरच्या वर्षांत घरांत काय चाललेलें असे, तें पाहण्यासारखें आहे. पांगुळगाड्याला धरून मूल तोल सांभाळावयास शिके. आजी धान्य निवडावयास बसली कीं सुपाच्या कडेशीं बसून तें खडे एकीकडे आणि दाणे एकीकडे करी. भातुकलींतल्या बोळक्यांत पाणी ओततां ओततां कोणत्या भांड्यांत किती मावतें याचा अंदाज त्याला येई. माजघराच्या कोपऱ्यांत उतरंड असे. तळाशीं सर्वांत मोठें मडकें, त्यावर त्याहून लहान, आणि टोंकाला मुठीएवढें गाडगें. थोरलें कोणतें व धाकटें कोणतें हा धडा मुलाला त्या उतरंडीनेंच दिला. सागरगोटे झेलतांना डोळा आणि हात यांची जोडी जमे. चिंचोक्यांच्या डावांत दहापर्यंतची मोजणी केव्हां पाठ झाली हें कोणाच्या ध्यानांतहि येत नसे. या सर्वाला कोणीं शिक्षण म्हटलें नाहीं, हें एका परीनें बरेंच झालें. म्हटलें असतें, तर घरांतील वडील मंडळींनीं त्यांतहि उजळणी घुसविली असती!

अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, तो शिक्षणाच्या इतिहासांत एका कारणासाठीं नेहमीं आठवावा लागतो. सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनची शिक्षिका १८२७ सालीं मुंबईस आली, आणि पुढें नगरास राहून तिनें मुलींच्या शाळा चालविल्या. १८६२ सालीं तिचा अंत झाला. जोतीराव फुले यांनीं नगरच्या या शाळा पाहिल्या होत्या, व सावित्रीबाईंनीं शिक्षिकेचे धडे तेथेंच घेतले. १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा निघाली तिच्या पाठीशीं नगरचा हा अनुभव होता. या शाळा अक्षरांच्या होत्या. तीन वर्षांच्या मुलाचा विचार त्यांत नव्हता. परंतु शिक्षकाच्या जागीं स्त्री बसूं शकते, एवढी गोष्ट त्यांनीं सिद्ध केली, आणि बालशिक्षणाची पुढची सगळी कथा या एका गोष्टीवर उभी आहे.

युरोपांत या वयाचा विचार शास्त्र म्हणून झाला तो एकोणिसाव्या शतकांत. जर्मनींत फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लँकनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली, आणि थोड्याच वर्षांत तिला 'बालोद्यान' या अर्थाचें किंडरगार्टन हें नांव दिलें. लोंकरीचे चेंडू, लांकडी गोल, घन व नळकांडें हीं त्याचीं साधनें. त्यानंतर सत्तर वर्षांनीं, ६ जानेवारी १९०७ रोजीं, रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं 'बालगृह' उघडलें. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांतून धुडगूस घालणारीं मुलें हेच त्यांचे पहिले विद्यार्थी होते.

माँटेसोरी-साधनांचें मर्म थोडक्यांत असें. लांकडाच्या एका ठोकळ्याला दहा खांचा, आणि प्रत्येक खांचेंत बसेल असें एकेक दंडगोल. दंडगोल चुकीच्या खांचेंत घातलें, तर शेवटीं एक उरतें आणि तें कोठेंच बसत नाहीं. चूक झाली हें मुलाला वस्तूच सांगते. बाईंना रागवावें लागत नाहीं. मनोऱ्याचे दहा घन एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत चढत गेलेले असतात. खरकागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवितां फिरवितां अक्षराचें वळण लिहिण्याच्या आधींच हातांत मुरतें. धूळपाटी आठवणाऱ्या मराठी माणसाला हें शेवटचें साधन परकें वाटण्याचें कारण नाहीं. फरक इतकाच कीं धूळपाटीवर बोट फिरवितांना शेजारीं छडी असे.

हें शास्त्र हिंदुस्थानांत रुजविलें तें एका वकिलानें. गिजुभाई बधेका यांचा जन्म १८८५ चा. १९१३ सालीं त्यांना मुलगा झाला, आणि त्याला कसें वाढवावें या विचारांत माँटेसोरींचे ग्रंथ त्यांच्या हातीं आले. वकिली सुटली, १९२० सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर निघालें. लोक त्यांना 'मिशावाली आई' म्हणूं लागले. त्यांनीं मुलांइतकेंच पालकांसाठींहि लिहिलें, आणि आईबाप होणें अवघड आहे, असें एका पुस्तकाच्या नांवांतच सांगून टाकलें.

१९२३ सालीं या बालमंदिरांत ताराबाई मोडक आल्या. मुंबईच्या प्रार्थनासमाजी केळकर घराण्यांत १८९२ सालीं त्यांचा जन्म झाला होता. १९१४ सालीं त्या पदवीधर झाल्या आणि राजकोटच्या स्त्री-अध्यापक विद्यालयाच्या प्रमुख म्हणून त्यांनीं कामहि केलें होतें. पगाराची व मानाची ती जागा सोडून त्या भावनगरास लहान मुलांत येऊन बसल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. 'शिक्षणपत्रिका' हें मासिक गुजरातींत निघत होतें, १९३३ सालीं ताराबाईंनीं तें मराठींत आणलें. पाळण्यांतल्या मुलाशीं कसें बोलावें, त्याच्या हट्टाचा अर्थ काय, हे प्रश्न या मासिकाबरोबर मराठी सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत येऊन बसले.

१९३६ सालीं दादरला शिशुविहार सुरू झाला. संस्था नांवारूपास आली, शिक्षिका तयार होऊं लागल्या. पण शहरांतील पालक नव्या पद्धतीचें कौतुक करतां करतां मुलाला लिहितां केव्हां येईल हाच प्रश्न विचारीत, आजहि विचारतात. दुसरी अडचण पैशाची. हीं साधनें घोटीव लांकडाचीं, मापांत काटेकोर, आणि अर्थात् महाग. एक संच घेण्यांतच गरीब संस्थेचा वर्षाचा पैसा संपावा. १९३१ सालीं गांधीजींनीं लंडनमध्यें माँटेसोरींच्या अध्यापकवर्गाला भेट दिली, तेव्हां असें शिक्षण गरिबांच्या मुलांनाहि मिळावें, अशी अपेक्षा त्यांनीं बोलून दाखविली होती. खुद्द माँटेसोरी १९३९ सालीं मद्रासजवळ अड्यारला आल्या, महायुद्धामुळें इकडेच अडकून पडल्या, आणि १९४६ पर्यंत त्यांनीं शेंकडों शिक्षक तयार केले. तरीहि खेड्यांतील मूल होतें तेथेंच होतें.

ताराबाईंनीं पन्नाशी ओलांडल्यावर याच प्रश्नाला हात घातला. १९४५ च्या आरंभीं सेवाग्रामला नई तालीमची परिषद झाली, आणि पायाभूत शिक्षणाचा विचार सात वर्षांच्या अलीकडे, अगदीं जन्मापर्यंत नेण्यांत आला. त्याच वर्षीं ग्रामसेविकांच्या शिबिरांत ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई मूळ मोरगांवच्या. जन्म १९१० चा. तेराव्या वर्षीं लग्न आणि सहा महिन्यांच्या आंत वैधव्य. पुढें शिकून त्या पुण्यास शिक्षिका झाल्या होत्या. डिसेंबर १९४५ मध्यें या दोघींनीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं ग्राम बालशिक्षा केंद्र उघडलें. हा भाग तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत मोडतो.

बोर्डीला पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली, साधनें मांडलीं, आणि ज्यांच्यासाठीं हा खटाटोप तीं मुलें येईनात. हरिजनवाड्यांतील मुलें घरांतून निघत नसत. स्पृश्य घरांतील पालकांना त्यांच्या शेजारीं आपलें मूल बसलेलें खपत नसे. शिवाय सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटें भावंड कायमचें बसलेलें. तें सोडून ती येणार कशी? आईबाप उजाडतां कामावर गेलेले. अशा वेळीं एखाद्या समितीनें अहवाल लिहिला असता. ताराबाईंनीं निराळा मार्ग काढला. मुलें बालवाडींत येत नाहींत ना, मग बालवाडीनेंच मुलांच्या अंगणांत जावें. गांवांत एक मध्यवर्ती बालवाडी ठेवावी आणि वस्तीवस्तींत अंगणवाडी भरवावी, अशी ही योजना होती. 'बालवाडी' व 'अंगणवाडी' हे दोन्ही शब्द तेथून मराठींत रूढ झाले, आणि दुसरा तर पुढें सबंध देशाच्या तोंडीं बसला.

शिक्षिका वाड्यांत येई, मुलें गोळा करी. अंगण झाडणें हाच पहिला पाठ. मग हातपाय धुणें, नखें काढणें, केस विंचरणें. नंतर गाणें, गोष्ट, आणि हातांनीं करावयाचीं कामें. साधनें तेथलींच, शिंपले, खडे, बिया, पानें, बांबूचे तुकडे, माती. कडेवरचें भावंडहि तेथेंच एका बाजूला फडक्यावर निजे, म्हणून मुलीची सुटका होई. या सगळ्यांत एक लाभ असा झाला कीं जो बांधलेल्या शाळेंत कधींच झाला नसता. कामावरून लौकर परतलेली आई, दारांत बसलेली आजी हें सर्व पाहत असे. आपल्याच घरांतल्या वाटीनें, आपल्याच परसांतल्या पानांनीं मूल शिकतें आहे, हें तिला डोळ्यांनीं दिसे. शिक्षिका निघून गेल्यावर अंगण तेंच, पानेंहि तींच.

साधनांच्या या देशी रूपांचा थोडा तपशील देणें योग्य होईल, कारण दादरच्या घराला त्यांचा उपयोग बोर्डीइतकाच आहे. मोठमोठ्या होत जाणाऱ्या घनांचें काम एकांत एक बसणारे डबे किंवा घरांतील वाट्या उत्तम करतात. वाटी चुकीची लागली तर शेवटचा डबा बंदच होत नाहीं, आणि चुकीची जाणीव आपोआप होते. माँटेसोरींच्या दहा लांकडी पट्ट्या दहा सेंटीमीटरपासून एक मीटरपर्यंत असतात; जोंधळ्याचीं चिपाडें त्याच मापानें कापलीं कीं काम भागतें. मात्र चिपाडाची साल पातीसारखी कापते, म्हणून ती मोठ्या माणसानें आधीं सोलून टाकावी. सारख्या सहा डब्या घेऊन दोहोंत जोंधळे, दोहोंत तांदूळ आणि दोहोंत खडे घालावे. झांकण लावून हलवावें, आणि आवाजावरून जोड्या लावावयास सांगावें. पेरू, कडुनिंब, आंबा व चिंच यांचीं दोन-दोन पानें डोळे मिटून नुसत्या स्पर्शानें जुळवावीं. हा खेळ चार वर्षांच्या मुलाला तासभर पुरतो आणि पुष्कळदां मोठ्यांना हरवितो.

सर्वांत सोपा पाठ पाण्याचा. दोन लहान तांबे, त्यांतील एकांत पाणी, आणि शेजारीं एक फडकें. मूल या तांब्यांतून त्या तांब्यांत ओततें. सांडलें तर फडक्यानें स्वतः पुसतें. फडकें नसेल तर हा पाठ अपुरा राहतो, कारण आपण केलेली चूक आपल्याला निस्तरतां येते ही गोष्ट त्या फडक्यांत आहे. अडीच वर्षांच्या मुलाला एवढें पुरे. बियांचे खेळ मात्र तिसरें वर्ष पूर्ण होईपर्यंत देऊं नयेत, पुढेंहि डोळ्याआड देऊं नयेत. चिंचोका नाकांत किंवा घशांत जाण्यास क्षण लागत नाहीं. गुंजा तर घरांत खेळावयास ठेवूंच नयेत. दिसावयास सुंदर असली तरी ती बी विषारी आहे.

या कामांना घड्याळ नाहीं, हें सुशिक्षित घराला पटणें सर्वांत कठीण जातें. मूल एकच तांबा वीस वेळां भरतें व ओततें, आणि पाहणाराला तो वेळेचा अपव्यय वाटतो. माँटेसोरींनीं आपल्या बालगृहांत असेंच पाहिलें होतें. दंडगोलांत गुंतलेली एक मुलगी आसपास गोंगाट चालला असतां तेंच काम पुन्हां पुन्हां करीत राहिली, आणि आपणहून थांबली तेव्हां दमलेली नसून ताजीतवानी दिसत होती. त्यांच्या पुढच्या विचाराचा बराच भाग या निरीक्षणांतून निघाला.

१९५७ सालीं ताराबाई आणि अनुताई बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आजूबाजूस वारली आदिवासींचे पाडे होते. तेथें पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत मांडून त्यांनीं 'विकासवाडी' उभी केली. धाकटें भावंड पाळण्यांत, मधलें बालवाडींत आणि थोरलें शाळेंत. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं तर शाळाच कुरणांत नेली. गुरें चरत आहेत, आणि त्यांचे राखणदार झाडाखालीं शिकत आहेत, अशी ही 'कुरणशाळा'. अंगणाची कल्पना तेथें रानापर्यंत पोंचली. १९६२ सालीं ताराबाईंना पद्मभूषण मिळालें. १९७३ सालीं त्या वारल्या. अनुताईंनीं पुढें जवळजवळ वीस वर्षें तें काम चालविलें, १९८५ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९९२ सालीं त्याहि गेल्या. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हें त्यांचें पुस्तक ज्या घरांत लहान मूल आहे त्या घरांत असावें.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना तेहतीस ठिकाणीं सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना नांव मिळालें अंगणवाडी. योजनेंत सहा सेवा होत्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, दवाखान्याकडे पाठवणी, मातांना आहार व आरोग्य यांची माहिती, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचें पूर्वप्राथमिक शिक्षण. भुकेल्या देशांत आहार पुढें राहिला, यांत नवल नाहीं व दोषहि नाहीं. पण लोकांच्या मनांत अंगणवाडी म्हणजे खिचडीचें ठिकाण होऊन बसलें, आणि शिकण्याची जागा म्हणून ज्याला परवडेल तो इंग्रजी नांवाच्या बालवर्गाची वाट धरूं लागला. तेथें तिसऱ्या वर्षीं हातांत पेन्सिल येते, आणि घरचा अभ्यास म्हणून पानभर रेघा. पंतोजीची शाळा दोन वर्षें अलीकडे सरकली, एवढाच त्याचा अर्थ. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांचीं मुलेंच हक्कदार धरलीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें पाया तिसऱ्या वर्षापासून मोजला. जें बोर्डीला पंचाहत्तर वर्षें आधीं मोजलें गेलें होतें.

त्याच २०२० सालीं महामारीनें अंगणवाड्यांना कुलपें लागलीं, आणि शिकणें पुन्हां घरांत आलें. ज्या घरांत सूप, वाट्या, डाळी आणि फुरसतीचें एक माणूस होतें, तेथें मुलांचें फारसें अडलें नाहीं. ज्या घरांत नुसता फोन होता, तेथें मूल फोनशीं खेळलें. यांतला फरक पैशाचा असेलच असें नव्हे.

नगर जिल्ह्यांत राहाता हें गांव नगर-मनमाड रस्त्यावर, शिर्डीच्या शेजारीं आहे. पूर्वी तें कोपरगांव तालुक्यांत होतें; आतां स्वतःच तालुका आहे. भोंवतीं पेरूच्या बागा आणि ऊस. याच तालुक्यांत लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पाण्याबरोबर पैसा, शाळा, दवाखाने आले. इथल्या बागाईतदाराच्या घरीं पेरूचीं पानें, जोंधळा, चिपाडें, डबे सर्व आहे. बहुतेक ठिकाणीं आजीहि आहे. ताराबाईंना लागत होतें तें सारें सामान त्या अंगणांत विनामूल्य पडलेलें असतें. तें शिक्षणाचें सामान आहे एवढें ठाऊक असण्याची उणीव आहे.

पण दिवाळीच्या सुमारास या भागांत दुसरींहि मुलें येतात. बीडसारख्या कोरडवाहू मुलखांतून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. तोड पहाटे अंधारांत सुरू होते. जोडपें मिळून एक कोयता धरला जातो. म्हणून आई घरीं राहूं शकत नाहीं. कोपींत राहते ती आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवरचें भावंड. बोर्डीला ताराबाईंना भेटलें होतें तेंच चित्र. शाळेच्या वयाच्या मुलांसाठीं साखरशाळांचे प्रयोग झाले, हंगामी वसतिगृहें निघालीं. तीन वर्षांच्या मुलाला वसतिगृहांत ठेवतां येत नाहीं. अंगणवाडी गांवांत असते, कोपी फडांत. मधलें अंतर एक-दोन मैलांचें, आणि तें चालून जाण्याइतका मोकळा वेळ त्या मुलीजवळ नसतो. म्हणजे पुन्हां कोणाला तरी तेथवर चालत जावें लागेल. कोप्यांच्या मध्यें दहा हातांची मोकळी जागा असतेच. खडे आहेत, माती आहे, उसाचीं टिपरीं लहानमोठीं कापून मांडतां येतील, आणि तांब्या तर प्रत्येक कोपींत असतो.

पाडव्याच्या मागेंपुढें हंगाम संपतो. टोळ्या सामान बांधून गांवीं परततात, आणि कोप्यांच्या जागीं थोडें पाचट आणि तीन दगडांच्या चुली राहतात. पुढल्या दिवाळींत तेंच मूल एका वर्षानें मोठें होऊन, बहुधा दुसऱ्याच फडावर उतरतें.